आधी लिहायची ओळ

झरी गावातल्या घरी अमृत लॅपटॉपवर एआय एजंटसाठी टूलची वर्णनं लिहीत होता. त्याची माय, कासाबाई, शेळ्यांना पाला टाकून आली आणि शेजारी टेकली.

"लय येळचं काय लिहायलास, बाबा?"

"माय, हे यंत्र आपल्या मनानं कामं करतंय. कोणतं अवजार कशासाठी उचलायचं, ते मी त्याला लिहून देतो."

"अन् चुकीचं उचललं तर?"

"मी नीट लिहिलं न्हाई, तर उचलतंय की."

"मंग उचलायच्या आधी कुणाला इचारत न्हाई का?"

"न्हाई. वर लिहिलेलं असतं, तेवढंच खरं धरतंय."

कासाबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. अमृतचा थोरला भाऊ सोनू त्या फोटोत अजून चारच वर्षांचा होता.

"कशाला वापरायचं, ते मागून लिही," ती म्हणाली. "कशाला वापरायचं न्हाई, ते आधी लिही."

"म्हणजे कसं?"

"लिही, हे शेळ्यांच्या गोचिडाचं औषध हाय. बाटली खोकल्याची असली, तरी लेकराला पाजायचं न्हाई."