जरा घट्टच बरं

मिस्त्रीने इंजिनातली ऑइल बघायची काडी उपसली, फडक्याने पुसली, परत खुपसली, परत उपसली आणि तिच्या नाकासमोर धरली. ऑइल खाली ओघळायचं नाव घेईना. मधासारखा एक थेंब काडीच्या टोकाला लोंबत राहिला.

"ताई, हे कुणी घातलं?"

तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मागे गॅरेजच्या बाकावर तिचे बाबा बसले होते, आणि ते इतके गप्प होते की आणखी पुरावा नकोच.

गेले पंधरा दिवस या टॅक्सीने तिचा जीव नकोसा केला होता. गाडी नवीकोरी, पण सकाळी सुरू करताना खडखडायची, चढाला धापा टाकायची आणि पेट्रोल तर असं ढोसायची की विचारू नका. तिने प्लग बदलले, चाकांतली हवा तपासली, भेसळ करतोस म्हणून पंपवाल्याशी भांडून आली. परवा तर कहरच झाला. डायलिसिसच्या आजींना दवाखान्यात नेताना टेकडीचा चढ गाडीने रांगत काढला, आजींचा नंबर हुकला. दवाखान्याने सुनावलं, आज पुन्हा उशीर झाला तर दुसरी गाडी लावू. लावू म्हणायला त्यांचं काय जातं? हे बांधलेलं काम मिळवताना चपला झिजल्या होत्या तिच्या.

मिस्त्री समजावून सांगू लागला. या इंजिनातल्या वाटा बारीक, त्यांना पातळ ऑइलच लागतं. घट्ट ऑइल वर चढायला वेळ लावतं, तोवर आतलं लोखंड कोरडं घासतं. नंतरही इंजिनाची निम्मी मेहनत ते ऑइल ढवळण्यातच जाते, चिखलातून सायकल हाणावी तशी. मग पेट्रोल जास्त लागणार नाही तर काय? आणि खुणेच्या वरपर्यंत भरलंय, ते वेगळंच.

"बाबा," ती म्हणाली.

बाबांनी घसा साफ केला. जन्मभर लॉरी चालवलेला माणूस. गाडीसोबत आलेलं ऑइल म्हणे नुसतं पाणी होतं, दोन बोटांत धरलं तर टिकत नव्हतं. म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि चांगलं दमदार घातलं, जरा सढळ हाताने. मग तिला सांगितलं का नाही? तर सांगितलं असतं तर तिने घालू दिलं नसतं. आता यावर माणसाने काय बोलावं, कपाळ?

"अहो, मी त्या पंपवाल्याला नाही नाही ते बोलले. प्लग तुमच्या डोळ्यांदेखत बदलले. तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"माझ्या लॉरीचं इंजिन भर रानात जाम झालं होतं," बाबा म्हणाले. "एकटाच बसून राहिलो होतो, उजाडेपर्यंत. तू एकटीच जातेस."

तिच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. राग मात्र गिळता आला नाही. आजपासून इंजिनाला हात लावायचा नाही, असं तिने ठणकावून सांगितलं.

मिस्त्रीने खालचा बोल्ट काढला. ऑइल घमेल्यात उतरू लागलं, अगदी निवांत, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. तिकडे आजी तयार होऊन दारात बसल्या असतील. ती सारखी घड्याळ बघत होती.

"मग मी बघायचं तरी काय?" बाबांनी हळूच विचारलं. रोज सकाळी बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तिने वैतागून समोरच्या काचेच्या पाण्याची छोटी टाकी दाखवली. त्यात पाणी घाला आणि चमचाभर साबण, तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. बाबा लगबगीने नळाकडे गेले.

नवं ऑइल भरून झालं, तिने किल्ली फिरवली. इंजिन गुमान सुरू झालं. मिस्त्रीने कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. आजी वेळेवर पोचणार होत्या. निघण्याआधी काच धुवावी म्हणून तिने वायपरची दांडी ओढली.

आधी काहीच आलं नाही. मग साबणाचा एक जाडजूड लगदा बाहेर पडला आणि वायपरने तो सबंध काचेवर सारवला. समोरचं काही दिसेना.

"बाबा, साबण किती घातलात?"

"चमचाभराने ते नुसतं पाणीच राहत होतं," बाबा बाहेरून म्हणाले. शर्टाच्या बाहीने ते काच पुसायच्या खटपटीला लागले होते. "म्हटलं, जरा घट्टच बरं."

मिस्त्री तोंड फिरवून हसला आणि त्याने काचेवर बादलीभर पाणी मारलं. काच लख्ख झाली. पलीकडे बाबा उभे होते, कोपरापर्यंत फेसाने भरलेले.

तिने हात लांब करून शेजारचं दार उघडलं.

"बसा आत," ती म्हणाली. "निदान तुमचे हात माझ्या डोळ्यांसमोर राहतील."