खाणीतला साथीदार

"उजवीकडे वळ, मठ्ठ कुठला," तो पडद्याकडे बघत पुटपुटला. साथीदार नेहमीप्रमाणे आधी भिंतीवर आपटला आणि मग उजवीकडे वळला.

"कोणाशी बोलतोयस?" शर्टाला बटण लावत बसलेल्या बायकोनं विचारलं.

"कॉम्प्युटरशी."

"बरंय. तो तरी ऐकतो तुझं."

तो व्हिडिओ गेमचा परीक्षक होता. गेम बाजारात यायच्या आधी त्याच्याकडे यायचे. तो खेळायचा, लिहायचा आणि दहापैकी गुण द्यायचा. या महिन्यात मोबाइलवरची मोटारींची शर्यत झाली, एक कोड्यांचा गेम झाला, आणि आता टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर 'अंधारखाण' चालू होती. गेम तसा जुनाच, त्याच्या लहानपणचा. चित्रं नव्यानं काढून आणि आवाज नव्यानं भरून कंपनीनं तो परत आणला होता. दोन भाऊ खाणीत अडकतात आणि एकमेकांना धरून वर येतात, एवढीच गोष्ट. खेळायला दोघं लागतात, आपापल्या कन्सोलवरून. दुसरं माणूस नसलं की कॉम्प्युटरच साथीदार होतो.

जुन्या गेममधला तो साथीदार म्हणजे डोक्याला ताप होता. कंदील घेऊन स्वतःच पुढे पळायचा आणि मागच्याला अंधारात सोडायचा. तरी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या यानं त्याच्याबरोबरच काढल्या, कारण दुसरं होतं कोण? ताई मोठी, तिच्या मैत्रिणींत. वडील मुख्याध्यापक. साऱ्या गावाच्या पोरांना त्यांचा वेळ मिळायचा, घरच्या पोराची पाळी कधी आलीच नाही.

जोडीनं खेळून बघता यावं म्हणून कंपनीनं या वेळी दोन प्रती पाठवल्या होत्या. दुसरी त्यानं बायकोला दिली. "मला कुठला वेळ, ठेवते कुठंतरी," ती म्हणाली. नुसता धूळ खातोय म्हणून तिनं त्याचा जुना कन्सोलही हॉलमधून उचलला.

घरात आवराआवर चाललीच होती. वडील रविवारी ताईकडे निघाले होते, आणि परत यायच्या बोलीवर नव्हे.

दोघांचं बिनसलं ते यानं बँकेची नोकरी सोडली तेव्हा. "खेळून कोणाचं पोट भरलंय?" वडील म्हणाले होते. यानंही तोंड सोडलं. "तुम्ही कधी खेळलात का माझ्याशी? मग तुम्हाला काय कळणार?" तेव्हापासून अबोला. एकाच घरात राहून दोघं सुनेमार्फत बोलायचे. याला सांग, दिवा मालव म्हणावं. त्यांना सांग, मालवतो. ती बिचारी निरोप पोचवून पोचवून मेटाकुटीला आली होती.

"थांबवणार नाहीस त्यांना?" तिनं दोरा तोडत विचारलं.

"माझ्या सांगण्यानं थांबणारेत का ते?"

"विचारून तर बघ."

"तूच सांग ना त्यांना..."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "या वेळी तुझं तू."

त्यांनी जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं. पण जीभ उचलत नव्हती.

वडिलांच्या खोलीचं दार बंद होतं. हल्ली ते दुपारभर कानाला हेडफोन लावून आत बसायचे. टीव्हीचा त्रास कोणाला नको म्हणून, असं बायको म्हणायची. ती आता उठली आणि मलमाची डबी आत देऊन आली.

"काय झालं त्यांना?"

"काही नाही. अंगठा दुखतोय."

"वय झालं," तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं.

मग तो लिहायला बसला. चित्रं झकास, आवाज उत्तम, शेवटची पातळी उगाच लांबवलेली. साथीदाराबद्दल मात्र तो भरभरून लिहीत सुटला. 'हा चुकतो, अडखळतो, शिडी चढताना दोनदा पडतो. पण तुम्हाला सोडून पुढे जात नाही. तुम्ही पडलात की सगळी वाट उलटी येतो आणि कंदील धरून उभा राहतो. याला खेळता येत नाही, सोबत मात्र करता येते. लहानपणी मला असाच साथीदार हवा होता.' वेंधळेपणाबद्दल अर्धा गुण कापून त्यानं परीक्षण पाठवून दिलं.

थोड्याच वेळात संपादिकेचा फोन आला.

"झोपेत लिहिलंस का रे?"

"का?"

"बाकी झाडून सगळ्यांनी त्या साथीदाराच्या नावानं खडे फोडलेत. तू एकटाच आरती ओवाळतोयस. म्हणून मी कंपनीला विचारलं. ते म्हणाले, चित्रं बदलली, साथीदाराला आम्ही हातही लावलेला नाही. जुना होता तसाच आहे, पुढे पळणारा."

"माझा थांबतो."

"तुझाच बरा थांबतो. परत खेळून बघ, मग छापू."

त्यानं गेम पुन्हा लावला. खाणीच्या तळाशी आला आणि मुद्दाम एका जागी उभा राहिला. कंदील पुढे गेला, रेंगाळला, मागे वळला. भिंतीला धडकत धडकत साथीदार परत आला आणि त्याच्या शेजारी थांबला.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "हे काय पुढे पळणं आहे?"

बायकोनं मान खाली घालून दुसरं बटण लावायला घेतलं.

आता साथीदाराला पुरतं पारखायचं म्हणून त्यानं आपला गडी कंदिलाच्या उजेडाबाहेर काढला आणि सरळ अंधारात चालवत नेला.

तेवढ्यात वडिलांच्या बंद खोलीतून आवाज आला, कानाला हेडफोन लावलेला माणूस बोलतो तेवढा मोठा. "थांब बाळा, पुढे खड्डा आहे. मी येतोय ना."