वहिवाटीची वाट

“अन् वाटमा पोलिसनी धरं तं?” धुरपदाबाईंनी विचारलं.

अभिमनने खिशातून लायसन काढून दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते उलटंपालटं केलं, फोटोवर बोट फिरवलं आणि परत केलं. बहिणीच्या सासूपुढे आरटीओचा साहेब परवडला! अंगणात निंबाखाली त्याची राजदूत मोटारसायकल उभी होती, इंजिन अजून तडतडत होतं. खाटेवर सुनंदाचे सासरे, छगन आबा, अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. सुनंदाचे यजमान सकाळीच शेतात निघून गेले होते. बापापुढे त्यांचं तोंड उघडत नसे. आणि दाराआड सुनंदा उभी होती, बांधलेलं गठुडं पायाशी ठेवून.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. वर्षात तेवढाच तिचा मोकळा श्वास. सुनंदाला लग्नानंतर तो एकदाही मिळाला नव्हता. पहिल्या वर्षी अभिमन तिला न्यायला धरणगावहून एसटीने आला, फाट्यावर उतरून वैशाखाच्या उन्हात चालत आला. “रस्ता नही शे बाबा, बाईमाणूस कशी जाई?” आबा म्हणाले. दुसऱ्या वर्षी त्याने कुणाची तरी बैलगाडी मागून आणली. नदीच्या रेतीत चाक रुतलं, बैल खाली बसले, आणि आबांना तेच वाक्य म्हणायला आयतं कारण मिळालं. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात. इथे धाडायचं नव्हतं म्हणून वाट वाकडी होती. पण मुलीच्या भावाने बोलायचं कसं? एक शब्द जास्त गेला, तर तो बहिणीच्या अंगावर उतरायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्या वर्षी अभिमन एकटाच माघारी निघाला, तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली होती, “दादा, पुढल्या वर्षी येऊच नको. गठुडं बांधते त्याचं काही नाही रे. सोडताना जीव जातो.”

ते ऐकल्यापासून अभिमनला वर्षभर चैन नव्हतं. मोटारसायकल घ्यायची ठरली, तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये बरोबर काम करणाऱ्या दोस्तांनी नव्या शंभर सीसीच्या जपानी गाड्या सुचवल्या. आणि हा पठ्ठ्या जळगावला जाऊन रतिलाल मिस्त्रीकडून जुनी राजदूत घेऊन आला. “का रे, दुधाचा रतीब घालणार का?” म्हणून सगळे फिदीफिदी हसले. हसोत बापडे! त्यांना कुठे नदीची रेती तुडवायची होती? रतिलालने सायलेन्सर वर उचलून बांधला, खोल खाचांचे टायर चढवले आणि म्हणाला, “आता रेती काय न् ढेकळं काय, हिला सगळं सारखंच.”

वाटेचीही त्याने तशीच चौकशी केली. जंगलातून रस्ता जवळचा होता, पण तिथे गाडी घातली तर जप्त करू, असं नाक्यावरच्या गार्डने बजावलं. मग त्याने जंगलाच्या हद्दीबाहेरून जाणारी जुनी गाडवाट शोधून काढली. ती वहिवाटीची, तिच्यावरून जाणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. यंदा कुणाला बोट ठेवायला जागाच द्यायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पण धुरपदाबाईंचं बोट थांबेचना.

“रेतीमा फसाव नही का?”

“नाही मावशी. आत्ता त्यातूनच आलो ना.”

“बाईमाणूस एक आंगे बसनी तं पडाव नही?”

“धरायला कडी लावून घेतलीय मागे.”

“अन् तापी वलांडीसन जाई का हाई?”

“धरणगाव तापीपलीकडेच आहे, मावशी.”

“तेन्हा पुढे?”

अभिमनच्या कपाळावरची शीर तटतटली. सुनंदाला धरणगावला न्यायचं. पुढचं घेऊन काय करायचंय हिला? पण त्याने आवाज खालीच ठेवला. “पेट्रोल घातलं की पुढेही जाते.”

धुरपदाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवर हात ठेवला, चटका बसल्यासारखा काढला, पुन्हा ठेवला.

“तीन जन बसतीन का?”

इथे माशी शिंकली! म्हणजे सुनंदाबरोबर राखणीला कुणीतरी पाठवायचं होतं. आणि ते जमत नसेल, तर सुनंदाही नाही. अभिमनला खोटं बोलावंसं वाटलं. पण एवढा खटाटोप सगळं कायद्यात बसावं म्हणून केला होता.

“तीन नाही चालत, मावशी. दोनच. तिघं बसलो तर पोलीस खरंच धरतील.”

“मी सांगं ना,” आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, “रस्ता नही शे.”

धुरपदाबाईंनी सीटवरचा हात काढला. पदर सावरत आत निघून गेल्या. दाराआड सुनंदा खाली वाकली आणि गठुड्याची गाठ सोडू लागली. अभिमनला ते पाहवेना. तो गाडीकडे तोंड करून उभा राहिला. अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं.

“सोडू नको वं,” आतून आवाज आला.

धुरपदाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दुसरं एक गठुडं होतं. फडक्याचा रंग केव्हाच उडालेला, घड्यांवर विरलेलं, पण गाठ पक्की. ते त्यांनी सुनंदाच्या गठुड्याशेजारी ठेवलं.

“पयले हिले सोड, भाऊ. मंग माघारी ये माले लेवाले. धरणगावना पुढे पाचोराले मन्ही माय शे. तिन्हा डोया मिटाना पयले एकदाव देखनी शे.”

आबांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. धुरपदाबाईंनी इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

“आते तं रस्ता शे ना?”