न चुकणारा हात

व्यापारी गाय सोडू लागला, तशी सून गोठ्याचे दार अडवून उभी राहिली. त्या आईवेगळ्या जनावराला तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवले होते. सासऱ्यांनी कोपरापर्यंत हात घालून ‘यंदाही गाभण नाही’ असा निवाडा दिला होता आणि सौदा उरकला होता. सुनेने प्रयोगशाळेत धाडलेले गाईचे रक्त मात्र ‘आहे’ म्हणत होते. “महिन्याचा गर्भ हाताला लागत नाही, मामंजी. रक्तात कळतो.” “सारी पंचक्रोशी जनावरं तपासायला मलाच बोलावते,” सासरे गरजले. “हा हात कधी चुकला नाही.” “मग आज चुकू द्या. घरातच आहे, बोभाटा होणार नाही.” व्यापाऱ्याला हसू फुटले; सासरे लालबुंद झाले. “आणि तुझी तपासणी खोटी निघाली तर?” “तर चारचौघांत म्हणेन, मी चुकले. तुम्हाला जमेल?” उत्तराची वाट न पाहता तिने गाय पुन्हा खुंट्याला बांधली.