आतली वाट

फिरंग्यांचं जहाज रुमाताऊ बेटाबाहेर नांगर टाकून पडलं होतं. समोरच्या उतारावर जायफळाची झाडं दिसत होती; वारा फिरला की वासही यायचा. पण मध्ये पोवळ्याच्या खडकांचं कडं होतं. आत जायची वाट गावकरी सांगत नव्हते. पाण्याची खोली बघायला होडी पाठवली की झाडीतून बाण यायचे. शेजारच्या बेटावर फिरंग्यांच्या तोफांनी काय केलं होतं, ते गावकऱ्यांनी पाहिलं होतं.

एका सकाळी एक म्हातारी एकटीच होडी वल्हवत जहाजाखाली आली.

"माझा ताहेर आहे का रे तुमच्यात?"

दुभाष्या दोमिंगो कठड्यावरून वाकला. "कोण ताहेर?"

"माझा लेक. असंच जहाज आलं होतं. शिंपले वेचत होता, उचलून नेला. आता तुझ्याएवढा असेल."

दोमिंगोनं कप्तान तेल्लेसला तिचं म्हणणं सांगितलं. कप्तान हसला. "मग सांग तिला, तूच तो."

"साहेब, म्हातारी आहे ती."

"म्हणूनच. लेकापासून ती काही लपवणार नाही. वाट काढून घे. जहाज आत शिरलं की तू मोकळा. गुलामी संपली."

दोमिंगोलाही लहानपणी असंच कुठल्याशा किनाऱ्यावरून उचललं होतं. बेट कुठलं, आई कोण, आपलं पहिलं नाव काय, त्याला काहीच आठवत नव्हतं. मलाक्काच्या बाजारात विकला गेला तेव्हा मिळालेलं नाव तेवढं उरलं होतं. तो शिडीवरून होडीत उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, मीच."

म्हातारीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डावा कान मुडपून मागे पाहिलं. "हा बघ तीळ! माझ्या बापालाही इथंच होता." आणि ती हमसून रडायला लागली.

कानामागे तीळ आहे, हे दोमिंगोला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हातारीचं नाव साहिया. ती त्याला आपल्या झोपडीत घेऊन गेली. सागूची गरम भाकरी आणि भाजलेला मासा त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली.

"किती वाळलास रे! खायला घालतात का नुसतेच राबवतात?"

"घालतात. किडे पडलेली बिस्किटं."

"मग नुसते किडेच खायचे. निदान ताजे तरी असतात!"

दोमिंगो हसला. किती तरी काळानं हसला. दारावरून जाणारे गावकरी आत डोकावत आणि न बोलता पुढे जात.

तिच्या होडीतून तो रोज येऊ लागला. आपण खरंच हिचे असू, असं त्याला वाटू लागलं. वाट विचारायचं त्याच्या जिवावर येत होतं. शेवटी सुटकेची बोली त्यानं तिच्या कानावर घातली. साहिया त्याला टेकाडावर घेऊन गेली.

"ते दोन काळे खडक बघ. त्यांच्यामधून. भरती पुरी चढू दे, म्हणजे जहाज अलगद येईल."

"गाव तुला काय म्हणेल?"

"म्हणू दे. माझं लेकरू सुटतंय ना?" मग तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "पण तू त्या जहाजात बसू नकोस. वाट सांग आणि इथंच राहा."

"मला पुढे उभं केल्याशिवाय कप्तान नांगर उचलणार नाही."

"डोंगरात लपवते तुला. कुणाला सापडणार नाहीस. ऐक माझं!"

"पळालेला गुलाम म्हणून नाही राहायचं मला, आई. मोकळा माणूस म्हणून तुझ्या दारात येईन. तुझ्या घराला हात लावणार नाही, असं वचन घेतलंय मी त्याच्याकडून."

साहियानं मनगट सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं.

भरती चढली आणि जहाजानं शिडं उभारली. दोमिंगो अगदी पुढच्या टोकाला उभा राहून हातानं दिशा दाखवत होता. किनाऱ्यावर साहिया दिसली तसा त्यानं तोच हात उंच करून हलवला.

बुडाखाली खडक फुटल्यासारखा आवाज झाला. डोलकाठी कलली, माणसं फळ्यांसारखी पाण्यात पडली. पुढच्या टोकावरून लाट गेली आणि तिथं कुणी उरलं नाही. झाडीतून गावकरी भाले घेऊन ओरडत धावले.

साहिया वाळूत बसून छाती पिटत होती. "ताहेर! माझ्या ताहेर!"

गावचा मुखिया कायरून तिच्याजवळ आला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहिया, पुरे आता. ऐकायला त्यांच्यातलं कुणी उरलेलं नाही. आणि तुला तर कधी मूल झालंच नव्हतं."