कारल्याच्या जागी

"आई, तू या कारल्याच्या जागी असतीस तर?" ताटातल्या काचऱ्या कडेला सारत चार्वीने विचारलं. "तुला चिरलं, मीठ चोळून पिळलं, वर तेलात परतलं तर?"

चूक माझीच. रोज तिच्यासोबत गोष्टीचं पुस्तक वाचताना मीच पानापानाला थांबून विचारायचे, "अस्वलाला कुणीच खेळायला घेत नाही. तू त्याच्या जागी असतीस तर?" पाच वर्षांची लेक अस्वलासाठी रडली, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

पण मी काय कच्ची आहे? "आणि एवढं सोसूनही कुणी तोंड लावलं नाही, तर? बिचारं कारलं त्या अस्वलासारखंच एकटं पडलंय बघ."

चार्वीचा चेहरा पडला. तिने एक काचरी तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटून चावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

कसाबसा घास गिळून तिने माझ्या ताटात डोकावून पाहिलं. तिथे कारलं नव्हतंच. मला ते लहानपणापासून आवडत नाही.

"आई, तू कारल्याला खेळायला घेतलंच नाहीस?" असं म्हणून तिने उरलेल्या भाजीचं भांडं माझ्या ताटात रिकामं केलं.