शेवटचं हिरवं पान

उझबेकिस्तानातल्या नुराता गावच्या हसियत खाला भाचीच्या लग्नासाठी सुझानी, म्हणजे भरतकामाची चादर, भरत होत्या. सुईवर नजर रोवली की अंगणातलं तुतीचं झाड पुसट होई, आणि त्याखाली कुणीतरी पुसटसं उभं दिसे. मान वर करून पाहिलं की झाड लख्ख, अंगण रिकामं.

"खाला, नक्षीतलं ते एक पान कोरं ठेवा," भाची मोहिरा म्हणाली. "सुझानी कधी पुरी करत नाहीत. ती पुरी झाली की भरणारीचंही पुरं होतं म्हणतात."

"डोळे थकलेल्या बायांनी काढलेली पळवाट ती. मला सुई अजून दिसतेय," म्हणत खालांनी हिरवा दोरा ओवला.

पहिल्या टाक्याला ते पुसट माणूस झाडाखालून निघालं. दहाव्या टाक्याला अंगणाच्या मध्यावरच्या हौदाशी आलं. खालांनी दात आवळले. आता वर बघायचं नाही, पान पुरं करायचं. जवळचं बघताना लांबचं पुसट होतं, ही डोळ्यांची खोडच आहे, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

शेवटचा टाका उरला. खालांची नजर सुईच्या टोकावरून हलली नव्हती. आणि आता त्या माणसाच्या पापणीचा केस न् केस सुईइतकाच स्पष्ट दिसत होता.